दाजींच्या पिकअपची चिप आणि फाटलेला होज पाइप

मार्चमधली गोष्ट आहे, संध्याकाळचे साडेसात झाले होते, मी शटर ओढायच्या बेतात होतो आणि दाजींचा फोन आला. दिवे घाटात उभा आहे म्हणाले, गाडीत मार्केट यार्डातून भरलेली साखर आणि तेलाचे डबे, वळण घेतल्यावर आधी शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला, मग मागं नुसता निळा-पांढरा धूर, मागचे लोक हॉर्न मारायला लागले. "आणि चावी बंद केली तरी इंजिन बंद होईना रे," हे ते सगळ्यात शेवटी म्हणाले आणि माझ्या पोटात गोळा आला. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, हवा आणि जळणारं काहीतरी मिळालं की झालं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, त्याच्या सीलमधून ऑईल इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, जायला लागलं की इंजिन स्वतःचंच ऑईल पीत सुटतं, चावी फिरवून डिझेल तोडलं तरी त्याला काही फरक पडत नाही, आणि मग ऑईल संपेपर्यंत नाहीतर रॉड बाहेर येईपर्यंत ते पळतं. दाजींनी वीस वर्षं गाडी चालवलीये, त्यांनी वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभे राहिले आणि क्लच सोडला, गाडी गचका खाऊन बंद पडली. त्या एका गचक्यानं इंजिन वाचलं, हे मी आधीच सांगून टाकतो कारण पुढचा सगळा हिशोब तेवढ्यामुळंच हजारात राहिला, लाखात गेला नाही.

माझं गॅरेज मंतरवाडीजवळ, सासवड रोडला. डिझेलचंच काम करतो, कॉमन रेल, पंप, नोझल, टर्बो. घाट जवळच, तासाभरात पोचलो. माल दुसऱ्या पिकअपमध्ये टाकला आणि गाडी खाली आणायला क्रेन बोलावली, कारण इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर पण बंद, त्या उतारावर टोचन लावून आणायची माझी हिंमत नव्हती. क्रेनच्या मागं मागं येताना मी विचारलं, दाजी, गाडीला मधे काही केलं होतं का? जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चिप लावली होती. फेब्रुवारीत. तुला सांगणार होतो."

आता गाडी काय होती ते सांगतो. आपल्याकडे दर चौकात दिसते तसली मालवाहू पिकअप, २०१८ ची, बीएस ४, अडीच लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल इंजिन, टर्बो आणि त्यातून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, मीटरवर १ लाख ८४ हजार किलोमीटर. दाजींचं काम ठरलेलं, पहाटे पुरंदरमधून अंजीर, भाजी, सीझनला वाटाणा-सीताफळ घेऊन खाली गुलटेकडीला यायचं आणि दुपारनंतर भुसार विभागातून किराणा भरून वर सासवड-जेजुरीच्या दुकानांना द्यायचा. म्हणजे लोड घेऊन घाट उतरायचा आणि लोड घेऊनच घाट चढायचा, रोज, आठवड्यातले सहा दिवस.

डिसेंबरमध्ये त्यांना जाणवायला लागलं की गाडी ओढत नाही. जिथं तिसऱ्यात चढायची तिथं दुसरा टाकावा लागतो, ॲक्सिलरेटर तळाला गेला तरी दम येत नाही. जानेवारीत इंजिनाची लाइट लागली. सासवडला कुणीतरी स्कॅनर लावून कोड पुसून दिला आणि दोन दिवसांनी लाइट परत आली. तेव्हा दाजींनी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकला होता. माझ्याकडं तेव्हा दोन इंजिनं उघडी पडलेली, मी फोटो नीट मोठा करून पाहिलाच नाही, खाली लिहिलं, "डिझेल फिल्टर बदला आणि एअर फिल्टर झाडून घ्या, बघू नंतर." क्रेनवरून गाडी उतरल्यावर त्याच रात्री मी तो फोटो परत उघडला. स्पष्ट दिसत होतं, पी ०२९९. म्हणजे टर्बोचं प्रेशर मागितलंय तेवढं मिळत नाहीये. आजाराचं नाव जानेवारीतच माझ्या मोबाइलमध्ये येऊन पडलं होतं.

फिल्टर बदलून फरक पडला नाही, आणि मेव्हण्याला परत परत कुठं त्रास द्यायचा म्हणून दाजी गप्प बसले. यार्डात गाड्या भरताना गप्पा चालतात तिथं एकानं सांगितलं की चिप लाव, माझी गाडी आता रिकामीच चालवतोय असं वाटतं. नाना पेठेतल्या एका दुकानातून साडेनऊ हजाराला ती चिपची डबी आली, बसवायला वीस मिनिटं लागली, आणि खरंच सांगतो, पहिल्या दिवशी गाडी तिसऱ्यात घाट चढली. दाजींना वाटलं रोग गेला. कुणालाही वाटलं असतं.

ही डबी करते काय ते नीट समजून घ्या. कॉमन रेल गाडीत पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरतो, ती रेल. त्या नळीच्या टोकाला प्रेशर सेन्सर असतो, तीन वायरींचा, एक पाच व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. या गाडीचा सेन्सर शून्य बारला अर्धा व्होल्ट देतो आणि १८०० बारला साडेचार, म्हणजे एका व्होल्टला ४५० बार. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या सिग्नलवरून ओळखतो की रेलमध्ये आत्ता किती प्रेशर आहे, मग तेवढ्या प्रेशरला अमुक इतकं डिझेल सोडायचं तर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. मिलीसेकंदाचा हिशोब असतो सगळा. डबी बसते सेन्सरच्या कपलरमध्ये, सेन्सर आणि ईसीएमच्या मधोमध, आणि सिग्नल थोडा खाली पाडून पुढं पाठवते. ईसीएमला वाटतं प्रेशर कमी पडतंय, तो पंपाला अजून दाबायला लावतो, स्वतःला पाहिजे तो आकडा दिसला की गप्प बसतो. प्रत्यक्षात रेलमध्ये प्रेशर जास्त, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा, मग डिझेल जास्त. बस्स एवढंच. ईसीएमच्या आतलं काही बदलत नाही, नवीन हुशारी काही येत नाही. इंजिनाच्या एका कानात खोटं सांगितलं जातं आणि बाकी सगळे सेन्सर खरं बोलत राहतात.

याच्याशिवाय बाजारात ओबीडीच्या पोर्टमध्ये, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये, खोचायची स्वस्त डबी पण मिळते, हजार-बाराशेला. तसली एक मी उघडून पाहिली होती, आत लुकलुकणारे दिवे होते आणि ते चालवायला एक छोटा आयसी, गाडीशी बोलायला लागतो तो भागच बोर्डवर नव्हता. ती लावून पॉवर वाढल्याचं कुणी सांगितलं तर ते त्याच्या मनाचं आहे. आणि तिसरा प्रकार रीमॅप, लॅपटॉप लावून ईसीएममधले नकाशेच बदलायचे, डिझेल, बूस्ट म्हणजे टर्बोचं प्रेशर, टायमिंग, टॉर्कची मर्यादा सगळं एकमेकांना धरून. हे काम जाणणारी माणसं आहेत पुण्यात, आणि निरोगी इंजिनावर त्यांनी केलेलं काम या डबीपेक्षा केव्हाही बरं. पण तो विषय वेगळा, दाजींच्या गाडीला लावली होती ती रेल सेन्सरवाली डबी. तिच्यावर दहा आकड्यांचा फिरवायचा स्विच होता. दुकानदारानं ४ वर ठेवून दिला होता, दाजींनी महिन्याभरात ७ वर नेला. का नेला ते पुढं येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्बो खोलायला घेतला. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा वरचा पाइप काढला, आतून ऑईलनं लडबडलेला, ते अपेक्षितच होतं. मग इंटरकूलरच्या खालच्या बाजूचा रबरी होज काढायला क्लॅम्पवर पाना लावला तर क्लॅम्पच्या आजूबाजूला ऑईल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर जमलेला. हा थर एका दिवसात बसत नाही. तो खरवडून काढला, होज बोटांनी वाकवला आणि रबर हसल्यासारखं उघडलं. क्लॅम्पच्या काठाला लागूनच करंगळीएवढी चीर, कडा गुळगुळीत झालेल्या. होज सरळ असताना ही चीर दिसतच नाही, हात फिरवला तरी कळत नाही. इंजिन आयडलला असताना गळत पण नाही. गाडी लोडवर आली, आतलं प्रेशर वाढलं की फुगून उघडते आणि हवा बाहेर जाते.

दाजी शेजारी स्टुलावर बसले होते, त्यांना दाखवायचं म्हणून मी होज परत लावला, दोन्ही टोकं बंद केली, कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरनं एक बारच्या आत ठेवून सोडली आणि बाटलीतलं साबणाचं पाणी मारलं. पहिल्यांदा काहीच नाही. मग प्रेशर जरा वाढवलं आणि क्लॅम्पच्या खालून एकदम फेस आला, कपडे धुताना येतो तसा. दाजी बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे डिसेंबरपासून हेच होतं?" हेच होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथं आहे. डिसेंबरमध्ये गाडी ओढत नव्हती ती का ओढत नव्हती? होज फाटल्यामुळं हवा कमी पडत होती हे खरं, पण पॉवर नुसती त्यामुळं पडली नव्हती. ईसीएमला हवेचं प्रेशर कमी आहे हे दुसऱ्या सेन्सरवरून दिसत होतं, आणि कमी हवेत जास्त डिझेल सोडलं तर धूर होतो, उष्णता वाढते, म्हणून तो मुद्दाम डिझेल आखडून देत होता. गाडीचा अशक्तपणा म्हणजे ईसीएम इंजिनाला जपत होता. लाइट लावून सांगत पण होता. आणि डबीनं नेमका तोच हात बाजूला केला. ईसीएमनं हवेच्या हिशोबानं डिझेल मोजून दिलं तरी रेलमधलं खरं प्रेशर त्याला माहीत नसल्यामुळं त्याचं मोजमापच चुकलं. हवा कमीच राहिली आणि डिझेल वाढलं.

पेट्रोलवाल्यांना हे उलटं वाटतं, कारण पेट्रोल इंजिनात जरा जास्त पेट्रोल सोडलं तर सिलिंडर थंड राहतो. डिझेलमध्ये तसं नाही. डिझेल इंजिन कायम जास्तीच्या हवेवर चालतं, एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि इंजिन त्याहून बरीच जास्त घेतं, हीच जास्तीची हवा उष्णता वाहून नेते. डिझेल वाढवाल, हवा तेवढीच ठेवाल, तर एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. चढावर सतत ७०० अंशांच्या वर राहिलं की टर्बोचं गरम बाजूचं चाक, मॅनिफोल्ड, पिस्टनचा माथा सगळ्यांवर येतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. खालून ऑईलचा फवारा असतो म्हणून पिस्टन टिकतो, पण त्याला पण मर्यादा आहे.

टर्बोवर तर दोन्हीकडून मार बसला. हवा गळतेय म्हणून पाहिजे तेवढं प्रेशर भरत नाही, मग तो आणखी जोरात फिरतो, आणि मागून एक्झॉस्ट जास्त गरम येतोय तो त्याला अजून पळवतो. उघडला तेव्हा शाफ्ट बोटानं इकडून तिकडं हलत होता, हवेच्या चाकाची पाती घराला घासून कडेनं चकचकीत झाली होती, आणि ऑईल येण्याच्या पाइपमध्ये काळा कोळसा. कोळशाचं कारण पण सांगतो, घाट चढून वर आलं की दाजी टपरीवर चहाला थांबतात आणि लगेच चावी बंद करतात. तापलेल्या टर्बोत ऑईल थांबतं आणि तिथंच करपतं. वर्षानुवर्षं चालून गेलं, या पाच आठवड्यांत नाही चाललं.

बाकी काय निघालं ते भराभर सांगतो. चारपैकी दोन इंजेक्टरचा बॅकलीक, म्हणजे न फवारता परत जाणारं डिझेल, जास्त, बेंचवर लावून पाहिलं, नोझल आणि व्हॉल्व्ह दोन्ही गेलेले. या दोघांचं वय झालेलंच होतं, सगळा दोष डबीवर टाकता येणार नाही, पण वाढीव प्रेशरनं उरलंसुरलं संपवलं. क्लच प्लेटवर निळे डाग, प्रेशर प्लेट पण निळी पडलेली, म्हणजे घसरत होती. पिस्टन कॅमेरा टाकून बघितले, चारही शाबूत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं. मी देवाला हात जोडले.

आता ताईची वही. ताई प्रत्येक टाकी फुल केल्याची नोंद ठेवते, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, चौकटी पाडलेल्या वहीत, पाच वर्षांपासून. ती वही आणायला सांगितली आणि आम्ही तिघं गॅरेजच्या टेबलावर बसलो. नोव्हेंबरपर्यंत एव्हरेज १३ च्या वर. डिसेंबरपासून १२ च्या आसपास, म्हणजे होज तेव्हाच फाटला. डबी लावल्यावर पहिल्या दोन टाक्यांना साडेबारा, कारण तिसऱ्यात चढायला लागली आणि दाजी खुशीत हलक्या पायानं चालवत होते. मग होज अजून फाटत गेला असणार, परत दम कमी झाला, स्विच ४ वरून ५, मग ७, आणि एव्हरेज ११.२ वर आलं. ताईनं त्या ओळीला लाल पेनानं गोल केला होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह. तिनं दाजींना विचारलं पण होतं, ते म्हणाले होते उन्हाळा आहे, होतं असं. पीयूसीवाल्यानं पण त्याच आठवड्यात परत पाठवलेलं, बीएस ४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आणि यांची आली २.३. ईसीएमचा कोड, ताईचा लाल गोल, पीयूसीचा आकडा, तिघं एकच सांगत होते आणि कुणाचंच ऐकलं गेलं नाही, त्यात मी पहिला.

दुरुस्तीत टर्बोचा कोर नवीन टाकला १३,५००, ऑईलचा फीड पाइप, ऑईल, फिल्टर मिळून ३,८००, क्लच सेट ९,२००, होज आणि चांगल्या प्रतीचे क्लॅम्प १,६५०, दोन इंजेक्टरचं काम ११,०००, मजुरी ७,०००. एकूण ४६,१५०. मी मजुरी घेणार नव्हतो, दाजींनी ऐकलं नाही, ताईच्या हातून पाकीट पाठवलं. सात दिवस गाडी उभी, अंजिराचा सीझन, ती भाडी दुसऱ्यांनी मारली, तो खड्डा वेगळा. आणि या सगळ्यात पहिला रोग होता तो १,६५० चा.

इंटरकूलर काढून धुतला, हे पण करायलाच लागतं. टर्बो फुटल्यावर त्यात ऑईल साठून राहतं, ते तसंच ठेवून गाडी चालू केली तर नवीन टर्बो असूनही इंजिन तेच ऑईल ओढून परत पळू शकतं. बरेच मिस्त्री घाईत हे सोडतात.

सगळं जोडून झाल्यावर मला एक आकडा पाहिजेच होता. डबी लावलेली असताना कुठलाही स्कॅनर लावा, रेल प्रेशर एकदम बरोबर दिसतं, कारण स्कॅनर ईसीएमला विचारतो आणि ईसीएमच फसलेला असतो. म्हणून मी कपलरच्या दोन्ही बाजूंनी सिग्नलच्या वायरींवर बारीक वायरी घेतल्या, त्या दारातून केबिनमध्ये आणल्या आणि दोन मीटर दाजींच्या मांडीवर ठेवले. अर्धा लोड, दिवे घाटाचा खालचा टप्पा, डबी ७ वर, फक्त दोन मिनिटं, यापेक्षा जास्त मी ताणणार नव्हतो. ॲक्सिलरेटर तळाला गेल्यावर दाजी मोठ्यानं वाचत होते, सेन्सरकडून ४.२, ईसीएमकडं ३.७. म्हणजे रेलमध्ये खरं प्रेशर १६६५ बार आणि ईसीएमला दिसत होतं १४४०. सव्वादोनशे बार जास्त. डबी काढून, सेन्सरचा कपलर थेट लावून परत त्याच टप्प्यावर चढलो, दोन्ही मीटरवर ३.७.

प्रेशर सोळा टक्क्यांच्या आसपास वाढलं म्हणून डिझेल सोळा टक्के वाढत नाही. भोकातून जाणाऱ्या डिझेलचं प्रमाण प्रेशरच्या वर्गमुळानं वाढतं, म्हणजे डिझेल वाढलं साडेसात टक्के. पंप, रेल, इंजेक्टर यांच्यावर ताण पडला सोळा टक्क्यांचा आणि हातात आलं साडेसात टक्के डिझेल, त्यातलं पण हवा असेल तेवढंच कामाला येणार, उरलेलं आरशात काळा धूर होऊन दिसणार. हा हिशोब मी दाजींना पावतीच्या मागं लिहून दाखवला. आणि सांगायला पाहिजे की होज दुरुस्त असताना डबीनं गाडी थोडी जास्त ओढत होती, नाही असं नाही, त्याच वळणावर तिसऱ्यात इंजिन शंभरेक आरपीएम वर होतं. पण डबीशिवाय पण गाडी तिसऱ्यातच चढली. स्कॅनरवर बूस्ट मागितलेलं २१५० मिलिबार आणि मिळालेलं २१२०. दाजी मीटर बाजूला ठेवून म्हणाले, "ही तर नव्यासारखी चाललीये." नवीन नव्हती, जशी असायला पाहिजे तशी होती.

यार्डात लोक विचारतात की याच मापाचं इंजिन मोटारीत बसवलं तर कंपनी जास्त पॉवर देते, मग पिकअपला का कमी, कंपनी मुद्दाम दाबून ठेवते आणि चिप ती मोकळी करते. मोटार ओव्हरटेक करताना दहा सेकंद फुल पॉवर मागते आणि सोडते. भरलेली पिकअप घाटात दहा-पंधरा मिनिटं सलग तळाला ॲक्सिलरेटर ठेवून चढते, तीही कमी वेगात, समोरून वारा पण पुरेसा येत नाही रेडिएटरला, पुण्याच्या मे महिन्यात तर विचारू नका. कंपनीनं पॉवर कमी ठेवलेली असते ती त्या पंधरा मिनिटांसाठी, रोजच्या, पाच-सात वर्षांच्या. ती शिल्लक पडून राहिलेली नाही, ती वापरात आहे.

कायद्याचं पण बोललो आम्ही, कारण पिवळ्या पाटीच्या गाडीला पासिंग असतं, इन्शुरन्स असतो, पोटाचा प्रश्न असतो. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरबदल करण्याबद्दल आहे आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला. २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १८२-अ आलं, परवानगी नसलेले पार्ट लावून गाडीत बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. धुराचं कलम आणखी वेगळं, त्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. गाडीचं मॉडेल विकायला येण्याआधी एआरएआयसारख्या संस्थेत, म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवर, धुराच्या चाचण्या देऊन येतं, त्या चाचण्या त्या ईसीएमच्या त्याच हिशोबावर झालेल्या असतात. मधे डबी घुसली की ते सर्टिफिकेट आपल्या गाडीला लागू राहिलं असं म्हणता येत नाही. आणि अपघात झाला, सर्व्हेअरनं बॉनेट उघडलं आणि ही डबी दिसली तर क्लेमला आडकाठी यायला ते एक कारण पुरतं. दाजींना दंडापेक्षा हे जास्त लागलं, कारण गाडीवर अजून अकरा हप्ते आहेत.

गाडी देताना मी दोन गोष्टी सांगितल्या, घाट चढून थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन आयडलला ठेवून मगच बंद करायचं, आणि एव्हरेज एका किलोमीटरनं पडलं की त्याच दिवशी फोन करायचा, मी उघड्या इंजिनावर असलो तरी. ताईनं दुसरी गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली. पीयूसी त्याच दिवशी केली, ०.७४. पुढच्या चार टाक्यांचं एव्हरेज १३.१, १३.४, १३.२, १३.४.

डबीचं काय करायचं ते दाजींनी विचारलं, यार्डात एकजण सहा हजारांना घ्यायला तयार होता. मी म्हटलं दाजी, तुमचे पैसे गेलेत हे मला कळतंय, पण त्याची गाडी पण तुमच्यासारखीच घाट चढते. जरा वेळ विचार करून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, त्यालाच तुझ्याकडं पाठवतो.

तो आला, गुरुवारी, जेजुरीकडची गाडी, तीच तक्रार, चढावर दम नाही. होज खोलून वाकवून पाहिले, साबणाचं पाणी मारलं, कुठंही बुडबुडा नाही. स्कॅनर लावून रस्त्यावर चालवली तर हवा कमी येतेय आणि ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, बंद व्हायला पाहिजे तेव्हा पूर्ण बंद होत नाहीये, काजळीनं अडकला असावा. त्याला दोन तासांत भाडं होतं म्हणून गाडी घेऊन गेला, रविवारी सकाळी ठेवून जातो म्हणालाय. ईजीआरचं गॅस्केट मागवून ठेवलंय.